टोंगळा, पिंढरी, खवाटा : मराठवाड्यात अंगाच्या कुठल्या भागाला काय म्हणतात?

नवी_परभणीकर
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपीची इंटर्न. वाढले ठाण्यात, शिकले इंग्रजीत आणि महिनाभरापासून परभणी जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात आहे. मराठी आपली मातृभाषा आहे असा माझा आजवर समज होता.

पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या. म्हणाल्या, "टोंगळ्यातून कळ निघायली बाई, पिंढरीत गोळा यायलाय, अन् ह्या खवाट्यात तर निस्ती रग भरलीय." मी समजल्यासारखी मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, 'पाय दुखतो'. मॅडमनी कागद बघून विचारलं, "पाय म्हणजे कुठं? आपल्यात कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळा पायच असतो."

तर दोन गोष्टी हव्या आहेत. एक, तुमच्याकडचे शब्द. दुसरी जास्त अवघड. सांध्याच्या हालचाली पेशंटला मराठीत सांगायच्या कशा? कोशात आकुंचन (वाकवणं), प्रसारण (सरळ करणं), अपवर्तन (अंगापासून दूर नेणं), अभिवर्तन (अंगाकडं आणणं) असे शब्द सापडले. काल एका काकांना "खांद्याचं अपवर्तन करा" म्हटलं, तर ते म्हणाले, "त्याला किती पैसे पडतील?"

हिंगोलीचा_पाव्हणा
घ्या लिहून. टोंगळा म्हंजे गुडघा. पिंढरी म्हंजे तुमची पोटरी. पुढून जे हाड हाताला लागतं ती नडगी, आमची आजी नळी म्हणायची. खवाटा म्हंजे खांद्यामागचं पसरट हाड अन् त्याच्या आजूबाजूचं सगळं. खुबा म्हंजे मांडी जिथं कमरेला अडकवलीय ती जागा. जांघ त्याच्या पुढून. घोटा, टाच, चवडा तुम्हाला ठावं असतील. आन् "पाय दुखतो" म्हणलं की आधी इचारायचं, "बोट लावून दावा." माणूस बोट लावतोच.

कुजका_कांदा
आमच्या गावात काहींची अक्कल बी टोंगळ्यात असते. तिथं दुखत नाही पण.

कोपरापासून_नमस्कार
ढोपर राहिलं की. ढोपर म्हणजे हाताचा कोपरा.

ठाणेदार
ढोपर म्हणजे गुडघा. चड्डी ढोपरापर्यंत असते, कोपरापर्यंत नाही.

कोपरापासून_नमस्कार
तुमच्याकडं असेल. आमच्या आईनं आयुष्यभर ढोपरानं ढोसलंय मला, अन् ते गुडघ्यानं नव्हतं एवढं पक्कं सांगतो.

प्लास्टरवाले_डॉक्टर
दोघंही बरोबर आहात आणि म्हणूनच हा शब्द धोक्याचा आहे. मी लातूरकडं हाडांचा डॉक्टर. फोनवर कुणी "पोराचं ढोपर सुजलंय" म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, पोरगं चालत येतंय का उचलून आणताय? नवी_परभणीकर, तुमच्या यादीत 'ढोपर' समोर मोठं प्रश्नचिन्ह काढा. 'टोंगळा' निर्धास्त वापरा, त्याला दुसरा अर्थ नाही.

आणखी एक. शब्दापेक्षा दुखण्याची जात नीट ऐका. मराठी पेशंट ती फुकटात सांगतो, आपण 'पेन' लिहून मोकळे होतो. चमक निघते म्हणजे क्षणात येऊन जाते. रग म्हणजे कामानं आलेला जडपणा. ठणका म्हणजे ठोके पडल्यासारखं, त्यात सूज, पू असू शकतो. मुंग्या किंवा झिणझिण्या म्हणाले की नसेचा विचार करा. उसण भरली म्हणजे पाठ एकदम धरली. "शीर चढली" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा स्नायूचा गोळा असतो, शिरेचा काही संबंध नसतो.

मांजराकाठ
जनावरात खवाट्याला आम्ही फरा म्हणतो. फऱ्या रोग ऐकला असंल. फऱ्याला नाहीतर मांडीला सूज, दाबलं की आतून करकर वाजतं, जनावर लंगडायलं की समजायचं. लस पावसाळ्याआधीच द्यावी लागती.

अन् पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी असती. वर्षभर जू ओढून खांदा धरलेला असतो म्हणून हळद अन् लोणी लावून मळायचा. पन्नास वर्षं मळतोय. माझा खांदा धरला तर घरात इचारणारं कुणी नाही.

कुजका_कांदा
मामा, आधी जू घ्या. मग मळू.

जिपशाळा_सर
ताई, तुमचा प्रश्न माझ्याही वर्गातला आहे. पोरांना सांगाडा शिकवतो. पुस्तकात बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा असे तीन चांगले शब्द आहेत. बिजागरी पोरांना लगेच कळते, वर्गाचं दारच दाखवतो. उघडतं, मिटतं, उलट्या बाजूला जात नाही. कोपर आणि टोंगळा तसे. उखळीचा मात्र घोळ होतो, कारण आता पोरांनी उखळ बघितलेलंच नाही. एकानं विचारलं, "सर, मिक्सरचा सांधा म्हणलं तर चालंल का?" मी म्हणलं चालंल. मिक्सरचं भांडं गोल फिरत नाही, पातं फिरतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

हाडं मोजायचा तास सगळ्यात जास्त रंगतो. मोठ्या माणसात २०६. एका हातात मनगटापासून बोटांपर्यंत २७, एका पायात घोट्यापासून खाली २६. दोन हात दोन पाय धरले तर १०६. म्हणजे अंगातली निम्म्याहून जास्त हाडं पंजात आणि पावलात. हे फळ्यावर बेरीज करून दाखवलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा आपापली बोटं चाचपायला लागतात.

पैठणच्या_काकू
जन्मलेल्या बाळाला जास्त हाडं असतात म्हणतात ते खरं का?

जिपशाळा_सर
खरं, काकू. ३०० च्या आसपास असतात, वाढताना एकमेकांत जुळत जातात.

वैद्य_होतोय
सर, गंमत बघा. सुश्रुतानं शल्यतंत्रात हाडं ३०० सांगितलीत आणि चरकानं ३६०. लोक यावरून हसतात, पण त्यांची मोजायची पद्धत वेगळी होती. दात त्यांनी हाडांत धरले, चरकानं तर नखंसुद्धा. आणि सुश्रुतानं मऊ कुर्चेला, म्हणजे नाका-कानातल्या मऊ हाडाला, 'तरुण' अस्थी म्हणून मोजलंय.

तुमचा उखळीचा सांधाही तिथलाच. सुश्रुत सांध्यांचे आठ प्रकार सांगतो, त्यात एक 'उलूखल', म्हणजे उखळ. काखेत आणि जांघेत तो असतो असं म्हटलंय, म्हणजे आपला खांदा आणि खुबा. मला सगळ्यात आवडतो तो 'तुन्नसेवनी', कवटीच्या हाडांचा सांधा. तुन्न म्हणजे उसवलेलं, सेवनी म्हणजे शिवण. कवटी हातात घेऊन बघितलीत तर हाडांच्या कडा खरंच वाकळेच्या टाक्यासारख्या नागमोडी एकमेकांत घुसलेल्या असतात.

कोपरापासून_नमस्कार
म्हणजे सगळं आपल्याकडं आधीच होतं तर.

वैद्य_होतोय
नाही हो, असं म्हणालो नाही. सुश्रुतानं दातांनासुद्धा उलूखलातच घातलंय. बघणं बारीक होतं, एवढंच म्हणतोय. फ्रॅक्चर आलं तर मीही आधी एक्स-रेच काढायला पाठवतो.

पैठणच्या_काकू
ते टाक्याचं वाचून टाळू आठवली. बाळाच्या डोक्यावर मऊ जागा असते ना, ती शिवण न झालेली जागा. आम्ही तेल भरायचो. माझी सासू बाळाला जुलाब लागले की आधी टाळूवर बोट ठेवायची. टाळू बसली म्हणाली की आजोबा बैलगाडी जुंपायचे, वाद नाही.

प्लास्टरवाले_डॉक्टर
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. टाळू खोल गेली म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. पुढची टाळू साधारण दीड वर्षाची होईपर्यंत भरून येते. तेलानं भरत नाही, हाडानं भरते. पण बोट ठेवून बघायची सवय सोडू नका.

बालाघाटी
मी बीडकडचा. आमच्याकडं निम्मं गाव सहा महिने ऊसतोडीला असतं. बाया मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात, ते ज्यानं बघितलंय त्याला मान कशाला म्हणतात ते कळतं. माझी आई वीस वर्षं गेली. आता हात वर केला की बोटात मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, मानेचे मणके झिजलेत. मानेत किती मणके असतात तरी? पाठीत ३३ ऐकलं होतं.

जिपशाळा_सर
३३ बरोबर. मानेत ७, छातीमागं १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि माकडहाडाचे ४. पण कमरेखालचे ५ जुळून एक होतात आणि माकडहाडाचे ४ जुळून एक, म्हणून मोठ्या माणसात २६ धरतात. जिराफाच्या मानेतही सातच असतात.

बालाघाटी
सर, जिराफाच्या डोक्यावर मोळी नसते.

प्लास्टरवाले_डॉक्टर
बालाघाटी, आईच्या हातातली ताकद कमी झालीय का ते बघा. हातातून तांब्या निसटतो का, गुंडी लावता येते का, चालताना तोल जातो का. यातलं काही असेल तर नुसत्या मलमावर थांबू नका, मानेचं पुन्हा दाखवा.

किनवटकर
आमच्या भागातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. दात पिवळे-तपकिरी तर होतातच, पण वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं की हाडं आणि सांधे आखडतात. मान वळत नाही, पाठ ताठ होते. लीटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको म्हणतात. ताई, तुमच्याकडं कमी वयाचा माणूस पाठ लाकडासारखी घेऊन आला तर गाव आणि बोअरचं पाणी विचारा. नुसता व्यायाम देऊन परत पाठवू नका.

चौकातला_चाचा
शब्दांचं चाललंय म्हणून. आमच्या संभाजीनगरात आजही गर्दन, कमर, पसली, पंजा, बगल सर्रास चालतं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते उर्दू माध्यमाचं. डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवत. म्हणजे देशी भाषेत हाडं शिकवता येतात हे आपल्या शेजारीच करून दाखवलेलं आहे. आपल्याला मराठीत का जमू नये?

प्लास्टरवाले_डॉक्टर
चाचा, जमेल, पण त्यानं ताईंचा प्रश्न सुटत नाही. त्या पुस्तकातले शब्द अरबी-फारसीतून आलेले. मांडीच्या हाडाला तिकडे काय म्हणत हे कमर धरून बसलेल्या शेतकऱ्याला तेव्हाही कळलं नसणार. आपण ऊर्वस्थी म्हटलं तरी तेच. डॉक्टरनं डॉक्टरशी बोलायची भाषा निराळी.

चौकातला_चाचा
हे मान्य. पण पोरं शिकतात त्या भाषेचं काय?

जुना_खेळाडू
धाराशिवचा. खो-खोचं गाव आमचं, २०२० ला अर्जुन मिळालेली सारिका काळे इथलीच. खांबाला वळसा घालताना पाऊल जमिनीत रुततं, अन् टोंगळा पुढं निघून जातो. बिजागरीला पिळायला गेलात की काय होतं, ते माझ्या डाव्या टोंगळ्याला विचारा. कडकन आवाज आला, रात्रीत भोपळा. एका हाडवैद्याकडं गेलो. बांबूच्या चिपा लावून आवळून बांधलं अन् म्हणाला, तीन दिवस सोडू नको. दुसऱ्या दिवशी बोटं गार. आईनं कात्रीनं कापलं.

मांजराकाठ
सगळे हाडवैद्य तसे नसतात. माझा निखळलेला खांदा एका म्हाताऱ्यानं बसवला होता, चाळीस वर्षं झाली.

प्लास्टरवाले_डॉक्टर
तुमचं नशीब चांगलं, मामा. हात त्याचा चांगला असेल, पण सोबत हाड फुटलंय का ते हाताला कळत नाही. वाद बाजूला ठेवू. पट्टी कुणीही बांधलेली असो, मी बांधलेलं प्लास्टर असो, बोटं निळी किंवा गार पडली, बधिर झाली, किंवा कुणी बोट नुसतं सरळ केलं तरी जीव जायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. सहा तासांत आतला स्नायू मरायला लागतो. जुना_खेळाडू, तुमच्या आईच्या कात्रीनं पाय वाचला.

नवी_परभणीकर
अरे बापरे, किती मिळालं! यादी ४० शब्दांवर गेली. पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. हालचाली?

पैठणच्या_काकू
बाई, तुम्ही नावं शोधायल्यात. आपल्याकडं हालचालीला नाव नसतं, काम असतं. प्रसाद घेताना हात कसा असतो? उताणा. भाकरी थापताना? पालथा. आणखी काय पाहिजे?

नवी_परभणीकर
काकू!! सुपिनेशन आणि प्रोनेशन! कोशात 'उत्तानन' बघून मी घाबरले होते. तो आपला उताणाच की.

वैद्य_होतोय
आणि आत काय होतं ते ज्वारीच्या दोन धाटांनी दाखवता येतं. हात उताणा असला की मनगट ते कोपर दोन हाडं शेजारी शेजारी. पालथा केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरपं जातं. कोपर जागचा हलत नाही. म्हणून कोपर बरगडीला चिकटवून करायला सांगा, नाहीतर लोक खांदाच फिरवतात.

कोपरापासून_नमस्कार
दोन्ही हात उताणे जोडले की पसा. म्हणूनच पसायदान!

जिपशाळा_सर
नाही हो, 'पसाय' म्हणजे प्रसाद. पशाशी त्याचा संबंध नाही. पण काकूंच्या उदाहरणात प्रसाद होताच, तेव्हा तुमचं अर्धं चालवून घेतो.

पैठणच्या_काकू
आणखी लिहा. नऊवारीचा कासोटा मागं खोचायला हात कसा जातो? खांदा धरलेल्या बाईचं ते बंद होतं, वेणी घालणंही. पदर डोक्यावर घेता येतो का ते बघा. पुरुषांना मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावा. फळीवरचा डबा काढायला चवड्यावर उभं राहता येतं का. खुरपायला उकिडवं बसता येतं का. मांडी घालता येते का. फतकल मारून बसायला लागली की समजायचं, बाईचे टोंगळे दुमडायचे थांबले. माझी आई जेवायला मांडी घालून बसायची, मग पाट घेतला, मग खुर्ची. तीन वर्षांत झालं. कुणी डॉक्टरला सांगितलं नाही, कारण डॉक्टरनं "दुखतं का" एवढंच विचारलं.

प्लास्टरवाले_डॉक्टर
काकू, हा प्रतिसाद मी माझ्या ज्युनिअरना वाचायला पाठवतोय. मांडी घालणं म्हणजे खुब्याच्या तीन हालचाली एकदम : दुमडणं, बाहेर नेणं, बाहेर वळवणं. उकिडवं बसायला टोंगळा पूर्ण मिटावा लागतो आणि घोटाही वाकावा लागतो.

कुजका_कांदा
फतकल मारायला किती मार्क?

नवी_परभणीकर
तीन आठवड्यांनी परत आले. यादीचा कागद आता टेबलाच्या काचेखाली आहे, पण वापरते काकूंचे प्रश्न.

परवा एक मावशी आल्या. "उजवा टोंगळा दुखायलाय, तीन महिने झाले." दोन ठिकाणी टोंगळ्याचे एक्स-रे काढून झालेले, त्यात विशेष काही नाही. टोंगळ्याला तेल, पट्टा, सुई, सगळं करून झालेलं. दाबून बघितलं तर कुठंच कळ नाही, मिटतो-उघडतो छान. मग विचारलं, "मावशी, मांडी घालता का?" म्हणाल्या, "तेच तर जमंना. डावी मांडी पडती, उजवी वर उभीच राहती." झोपवून पाय दुमडला आणि तळपाय हलकेच बाहेर वळवला, तर जांघ धरून ओरडल्या. दुखणं खुब्याचं, कळ टोंगळ्यात. मॅडमनी खुब्याचा एक्स-रे सांगितला आणि हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. जाताना मावशी म्हणाल्या, "तीन महिने मी ज्याला तेल लावायले, त्या बिचाऱ्याचा काही गुन्हाच नव्हता की."

प्लास्टरवाले_डॉक्टर
शाब्बास. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकच, म्हणून मेंदू पत्ता चुकतो. लहान पोरगं "टोंगळा दुखतो" म्हणून लंगडत आलं तर तिथंही खुबा बघायचाच, हे कागदावर लाल अक्षरात लिहून ठेवा.

ठाणेदार
मग ढोपर कुठं लिहिलं शेवटी?

नवी_परभणीकर
दोन्हीकडं. मधे बाण काढलाय.

मांजराकाठ
डॉक्टरसाहेब, एक इचारायचं होतं. माझा डावा खवाटा रात्री लई ठणकतो. साखर बी हाय मला.

प्लास्टरवाले_डॉक्टर
मामा, डावा हात मागून पाठीवर न्या. अंगठा कुठवर पोचतो? उजवा हात नेऊन फरक बघा.

मांजराकाठ
उजवा दोन फऱ्यांच्या मधी जातो. डावा खिशाच्या वर येईना.

प्लास्टरवाले_डॉक्टर
साखरेच्या पेशंटचा खांदा असा आखडतो. या आठवड्यात जवळच्या डॉक्टरांना दाखवा, साखरेचा रिपोर्ट घेऊन जा. छातीत दडपल्यासारखं होत असेल, घाम येत असेल तर मात्र आत्ता निघा.

मांजराकाठ
तसलं काही नाही. उद्या बाजाराला चाललोच हाव, दावून येतो. हे बी उजव्या हातानंच टाइप करायलाव.

कुजका_कांदा
मामा, पोळ्याला या. हळद मी आणतो.